तोशीस

आमच्या घरात एक शब्द गेली चाळीस वर्षे वस्तीला आहे. तोशीस. ‘कशाला कुणाला तोशीस?’ हे वाक्य माझ्या नवऱ्याच्या तोंडून दिवसातून एकदा तरी निघतेच. सुधीर वाईचा. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, घरात सहा भावंडे, आणि शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर ती दिवेलागणीच्या आत परत गेलीच पाहिजे, अशी शिस्त. १९८७ साली आम्ही इंग्लंडला आलो, तेव्हा दोन सुटकेसी आणि ही शिस्त एवढेच सामान त्याच्याबरोबर होते. हाउन्स्लोच्या आमच्या पहिल्या घरात त्याने तीन माणसांचा सोफा एकट्याने जिन्यावरून चढवला. मूतखड्याची कळ आली तेव्हा स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात गेला आणि ‘कदाचित थांबवून घेतील’ म्हणून पाच तासांच्या पार्किंगचे पैसे भरून मगच आत शिरला. मंडळाच्या गणपतीत सगळ्यांच्या खुर्च्या उचलणार, पण आपल्या गाडीची बॅटरी उतरली तर शेजाऱ्याचे दार वाजवणार नाही. असा एखादा माणूस तुमच्याही घरात असेल. आपल्या पिढीत तो घरटी एक निघतो.

२०१० च्या एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. मुलगी तेव्हा मँचेस्टरला शिकत होती. तिने फर्मान काढले, की या वेळी पुण्याला नाही, नातेवाइकांकडे नाही, तुम्ही दोघेच कुठेतरी जा. आम्ही इटली ठरवली. रोम चार रात्री, फ्लोरेन्स दोन, व्हेनिस दोन, आणि शुक्रवारी १६ तारखेला व्हेनिसहून विमानाने परत. सुधीरने एक फाइल केली. प्लास्टिकच्या पाकिटांत तिकिटे, हॉटेलांचे कागद, नकाशे, सगळे तारखेनुसार. त्या फाइलीकडे पाहून मला वाटले, की आता आपल्याला फक्त चालायचे आहे.

पहिला फटका रोमच्या विमानतळावरच बसला. माझी बॅग पट्ट्यावरून आली, सुधीरची आली नाही. तासाभराने पट्टा थांबला. खिडकीतल्या बाईने एक फॉर्म दिला, बॅगांच्या आकारांचे चित्र दाखवले आणि आमची बॅग कोणत्या जातीची ते विचारले. फॉर्म सुधीरनेच बाजूला उभे राहून भरला. बॅगेत त्याचे कपडे होते, वाढदिवसाला घेतलेला स्वेटर होता आणि अर्धा किलो बाकरवडी होती, एवढे मला ठाऊक होते. “उद्या हॉटेलवर येईल,” बाई म्हणाली. उद्या आली नाही. परवाही आली नाही. “रोज दोनदा फोन करू या,” मी म्हटले. “त्यांना मिळाली की तेच करतील. कशाला तोशीस?” मग आम्ही रस्त्यावरच्या बाजारातून तीन बनियन आणि दोन शर्ट घेतले. त्यातल्या एकावर जहाजाचा नांगर होता. पंचविसाव्या वाढदिवसाच्या आमच्या सगळ्या फोटोंत तो नांगर आहे.

दुसरा फटका ६४ नंबरच्या बसमध्ये. ही बस तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाते, आणि यात्रेकरूंच्या जोडीने खिसेकापूही तिच्यावर तितकाच जीव टाकतात. खच्चून गर्दी, ब्रेक लागला, दोन मुली सुधीरच्या अंगावर आदळल्या, ‘स्कुझी, स्कुझी’ म्हणाल्या आणि पुढच्या थांब्यावर उतरल्या. पाकीट गेले. त्यात साठ युरो आणि हाउन्स्लोच्या लायब्ररीचे कार्ड होते. बँकेची कार्डे माझ्याकडे असल्यामुळे आम्ही वाचलो. पोलिसांत जायचे का, असे मी विचारले. “साठ युरोसाठी पोलिसांना कशाला...” पुढचा शब्द तुम्हाला माहीत आहेच.

फ्लोरेन्समध्ये काहीही बिघडले नाही, हीच तिथली विशेष घटना. आर्नो नदीच्या काठी बसून आम्ही पंचविसावा वाढदिवस साजरा केला. वेटरने आपणहून केकच्या तुकड्यावर मेणबत्ती लावून आणली. सुधीरने तो केक मला दिला आणि स्वतः पाणी प्यायला. मी मधुमेहाच्या पथ्याला दाद दिली.

हे सांगायला हवे, की सुधीरला तेव्हा मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती आणि तीन वर्षांपासून रात्री इन्सुलिन सुरू होते. चोवीस तास पुरणारे एक इंजेक्शन, रोज अठ्ठावीस युनिट. हे काम तो रात्री साडेनऊला बाथरूमचे दार लावून करी. मी कधी सुई पाहिली नाही. पेन, सुया, रक्तातली साखर मोजायचे यंत्र, सगळे एका निळ्या डब्यात, आणि डबा त्याच्या ताब्यात. ‘तुला कशाला त्यात गुंतवू?’ हे त्याचे म्हणणे.

व्हेनिसला आम्ही बुधवारी, १४ एप्रिलला पोहोचलो. नेमके त्याच दिवशी आइसलंडमध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल नावाच्या हिमनदीखालचा ज्वालामुखी जोराने फुटला. वरचे बर्फ, खालचा तप्त रस, दोन्ही भिडले आणि बारीक राख कित्येक किलोमीटर उंच उडाली. वारा नेमका युरोपकडे वाहत होता. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे, ती काचेची पूड. विमानाच्या इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या पात्यांवर जाऊन परत घट्ट होते. १९८२ मध्ये जावाजवळ गालुंगगुंगच्या राखेत सापडून ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो जेटची चारही इंजिने बंद पडली होती, आणि वैमानिकांनी ती पुन्हा चालू करून विमान कसेबसे जाकार्ताला उतरवले होते. त्यामुळे कुणीही धोका पत्करायला तयार नव्हते. गुरुवारी दुपारी ब्रिटनचे आकाश बंद झाले. त्या आठवड्यात युरोपात एक लाखाच्या आसपास विमाने रद्द झाली आणि सुमारे एक कोटी प्रवासी जिथल्या तिथे अडकले. त्या कोटीत आम्ही दोघे.

गुरुवारी रात्री मुलीचा निरोप आला, की शुक्रवारचे विमान रद्द. तरीही आम्ही विमानतळावर गेलो, कारण फाइलीत तसे लिहिले होते. तिथे रांग एवढी होती, की तिचे शेपूट दाराबाहेर होते. चार तासांनी खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले, की पुढची जागा पुढच्या शुक्रवारी, २३ तारखेला, तीही आकाश उघडले तर. हॉटेल, जेवण? “निसर्गाचा कोप आहे मॅडम, त्याला कंपनी जबाबदार नाही,” असे म्हणून त्या मुलाने झेरॉक्स केलेला एक कागद हातात दिला. मी तो जपून ठेवला. मी कौन्सिलच्या पगार खात्यात वीस वर्षे काढली आहेत. कागद टाकून देणे मला जमत नाही.

त्या दिवसांत लोकांनी काय काय केले, ते पुढे पेपरांतून वाचले. विनोदी नट जॉन क्लीझ ऑस्लोहून ब्रसेल्सपर्यंत चक्क टॅक्सी करून गेला. स्पेनच्या सांतांदेर बंदरात ब्रिटिश आरमाराची युद्धनौका आली आणि सैनिकांबरोबर अडकलेल्या पर्यटकांनाही घेऊन गेली. इंग्लिश खाडीवर पायी प्रवाशांची बोटीची तिकिटे संपली, तेव्हा काही बहाद्दरांनी जुन्या सायकली विकत घेतल्या आणि सायकलस्वार म्हणून तिकिटे काढली. आमच्याकडे ना आरमार, ना सायकल. आम्ही व्हेनिसलगतच्या मेस्त्रे गावात दोन रात्री महागडी खोली घेऊन बसलो. रविवारी, १८ तारखेला सुधीरने ठरवले, की मिलानला जायचे, तिथून पॅरिसची गाडी पकडायची. फ्रान्समध्ये तेव्हा रेल्वेचा संप चालू होता हे माहीत होते, पण बसून राहण्यापेक्षा हालचाल बरी.

या दोन दिवसांत त्याचे काहीतरी निराळे चालले होते. सारखे पाणी. सारखे टॉयलेट. व्हेनिसमध्ये त्यासाठी दर खेपेला दीड युरो पडत होता आणि सुधीर तक्रारही करत नव्हता, यावरूनच मला शंका यायला लागली. विचारले की म्हणे, “ऊन लागलंय.” एप्रिलमधले व्हेनिसचे ऊन!

मिलानचे सेंट्रल स्टेशन म्हणजे स्टेशन नव्हे, किल्ला. १९३१ साली उघडलेले, दगडी, छतापर्यंत मान वर करावी तर दुखायला लागते. त्या दिवशी त्या किल्ल्यात अख्खा उत्तर युरोप जमिनीवर बसला होता. पॅरिसच्या गाड्यांची तिकिटे बुधवारपर्यंत संपलेली. आणि मिलानमध्ये दरवर्षी एप्रिलमध्ये भरणारे फर्निचरचे जगप्रसिद्ध प्रदर्शन नेमके त्याच आठवड्यात, त्यामुळे हॉटेलात जागा नाही. आम्ही गाड्यांच्या मोठ्या फलकाखाली उभे होतो. सुधीर बराच वेळ वर पाहत राहिला आणि मग म्हणाला, “जरा वाचून सांग ना, बासेलची गाडी कितीला आहे?”

वेळापत्रक वाचणे हा सुधीरचा जन्मसिद्ध हक्क. पंचवीस वर्षांत त्याने ते काम कुणाला करू दिले नव्हते.

“तुला दिसत नाहीये?”

“थोडं पुसट दिसतंय. थकलोय.”

मी त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. निळा डबा उघडला. पेनाच्या काचेतला पिस्टन पार टोकाला टेकला होता. दुसरे पेन नव्हते.

“दुसरं कुठाय?”

तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “बॅगेत.”

कोणत्या बॅगेत, ते विचारायची गरज नव्हती. दोन पेने दोन बॅगांत ठेवली, म्हणजे एक हरवली तरी दुसरे हाताशी राहील, असा त्याचा हिशेब होता. रोममध्ये बॅग आली नाही तेव्हाच त्याला कळले होते, की हातातल्या पेनात १६ तारखेपर्यंतच पुरेल एवढे इन्सुलिन आहे. फ्लोरेन्सपासून त्याने अठ्ठावीसचे वीस केले होते, थोडी शिल्लक असावी म्हणून. विमान रद्द झाल्यावर वीसचे दहा. आदल्या रात्री चार निघाले, ते शेवटचे.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू काळजी केली असतीस. उगीच तुला...”

“तो शब्द काढू नकोस,” मी म्हटले. बहुधा ओरडलेच, कारण जमिनीवर बसलेल्या दोन पोरी वर पाहायला लागल्या. “तुला जगात कुणालाच तोशीस द्यायची नसते, म्हणून सगळी तोशीस एकटीच्या माझ्यावर येते. बॅगेसाठी फोन नको, पोलीस नको, केमिस्ट नको. आणि उद्या तू इथे फरशीवर पडलास म्हणजे? तेव्हा मी कुणाला हाक मारू? तीही नको का मारू?”

सासूबाईंच्या देखत मी त्याला ‘अहो’ म्हणत असे आणि एरवी ‘अरे’. त्या दिवशी मी त्याला काय काय म्हटले ते या अंकात छापण्याजोगे नाही. तो गप्प होता. यंत्र काढून मी त्याचे बोट टोचले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आकडा आला २१.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी सांगते. ब्रिटनमध्ये रक्तातली साखर ज्या मापात मोजतात, ते माप भारतात किंवा इटलीत चालत नाही. आपल्याकडच्या आकड्याला अठराने गुणले, की तिकडचा आकडा मिळतो. २१ गुणिले १८ म्हणजे ३७८. माझ्या आईची साखर पुण्यात याच मापात मोजत, त्यामुळे हा गुणाकार मला झोपेतही येतो. २१ ऐकून मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी ३७८ म्हटल्यावर वाटली.

रविवार संध्याकाळ. इटलीत केमिस्टच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. स्टेशनजवळचे दोन क्रॉस अंधारात होते, पण तिथे पाळी असते. बंद दुकानाच्या दारावर, आज कोणते दुकान उघडे आहे याची पाटी लावलेली असते. ती पाटी वाचून, वाटेत तीन माणसांना विचारून, आम्ही चार रस्ते पलीकडचे उघडे दुकान गाठले. सुधीर दाराशी थांबला. “आपल्याकडे प्रिस्क्रिप्शन नाही. त्या बाईला अडचणीत...” मी त्याचा दंड धरून आत नेले.

पांढऱ्या कोटातली बाई पन्नाशीची असावी. तिला इंग्रजी थोडेसे येत होते. मी रिकामे पेन काउंटरवर ठेवले. यंत्र ठेवले. ‘२१’ पाहून ती गोंधळली, तेव्हा कागदावर गुणाकार करून दाखवला. मग तिची भुवई उंचावली. उलटी? पोटात दुखणे? श्वास? सुधीरने मान हलवली. उलटी झाली किंवा गुंगी आली तर थेट ११८ ला फोन करायचा, असे तिने त्या गुणाकाराच्या कागदावरच मोठ्या अक्षरांत लिहिले. मग तिने प्रिस्क्रिप्शन मागितले. माझ्या पर्समध्ये आमच्या डॉक्टरांकडच्या नेहमीच्या औषधांची हिरवट चिठ्ठी होती, तिचा उजवा अर्धा भाग. त्यावर सुधीरचे नाव, जन्मतारीख आणि औषधांची यादी छापलेली असते, आणि पुढच्या वेळी औषध मागवायला ती लागते. मी म्हटले ना, कागद टाकून देणे मला जमत नाही. बाईने ती चिठ्ठी, पासपोर्ट आणि पेनावरचे लेबल असे तीनदा ताडून पाहिले. तिच्या कपाटात अगदी तेच औषध होते. पुढे चौकशी केल्यावर कळले, की जुनाट आजाराच्या रोग्याचे औषध खंडित होणार असेल, तर आधीच्या उपचाराचा पुरावा पाहून चिठ्ठीवाचून औषध देण्याची मुभा इटलीत फार्मसिस्टला २००८ पासून आहे, आणि इन्सुलिन त्यात बसते. तिने नियम मोडला नव्हता. फक्त आम्ही तिला विचारले होते.

इंजेक्शन सुधीरने तिथेच, काउंटरच्या मागच्या खुर्चीवर बसून घेतले. दार लावायला बाथरूम नव्हते.

एकदा विचारायला लागल्यावर मी थांबले नाही. “रात्री कुठे झोपायचं?” हेही तिलाच विचारले. तिने दोन फोन केले. दुसरा एका कॉन्व्हेंटमध्ये लागला. इटलीत बऱ्याच कॉन्व्हेंटांत प्रवाशांसाठी खोल्या असतात. रात्री दहाला दार बंद, भिंतीवर क्रूस, दोन अरुंद पलंग. उरलेली पेने ठेवायला मी फ्रिज मागितला, तेव्हा एका वृद्ध सिस्टरने खोका हातात घेतला, छातीशी धरला आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये पालेभाजीशेजारी नीट ठेवला. रात्रभर सुधीर उठत होता, पाणी पीत होता. मी दर दोन तासांनी त्याला हाक मारत होते, ११८ चा कागद उशाशी. सकाळी आकडा १५ होता. अजून वाईटच, पण उतरता.

सोमवारी स्टेशनसमोर एक माणूस पुठ्ठ्यावर ‘कॅले’ लिहून उभा होता. रुमानियाचा ड्रायव्हर, नऊ जणांची मिनीबस, खाडीच्या किनाऱ्यापर्यंत हजार-अकराशे किलोमीटर. भाडे ऐकून सुधीरने डोळे मिटले, पण बसला. आमच्याबरोबर लीड्सच्या दोन बहिणी होत्या, ग्लासगोचा एक विद्यार्थी, एक बाई आणि तिचा शाळकरी मुलगा, आणि एक तरुण, जो फर्निचरच्या प्रदर्शनात आपण केलेली खुर्ची मांडायला आला होता. विमानाने पाठवता येईना म्हणून ती खुर्ची त्याच्या मांडीवर.

मिनीबस निघाली. कोमो मागे पडले, स्वित्झर्लंड सुरू झाले. चाळीस मिनिटांनी सुधीर अस्वस्थ व्हायला लागला. मी त्याच्याकडे पाहिले, पण बोलले नाही. हे त्याचे त्याने करायचे होते. आणखी पाच मिनिटे गेली. पुढे गॉटहार्डचा बोगदा येणार होता, सतरा किलोमीटरचा, मध्ये थांबायची सोय नाही. शेवटी सुधीर घसा खाकरून म्हणाला, “माफ करा. मला मधुमेह आहे. साखर वाढली आहे. मला जवळजवळ दर तासाला थांबावं लागेल.”

बसमध्ये क्षणभर शांतता. मग लीड्सची थोरली बहीण म्हणाली, “देवाची कृपा! मी मिलानपासून दम धरून बसलेय, विचारायला लाजत होते.” शाळकरी मुलगा म्हणाला, मलाही. ड्रायव्हरने आरशातून सुधीरकडे पाहिले आणि स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवून सुई टोचल्याची खूण केली. “मामा,” तो म्हणाला. त्याच्या आईलाही मधुमेह होता. त्यानंतर बासेल, अल्सास, शाँपेन असा पूर्ण युरोप आम्ही तासातासाने पाहिला, बहुतांशी पेट्रोलपंपांच्या मागच्या बाजूने. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर सुधीरला आधी जाऊ देई आणि बाकीचे रांगेत हसत उभे राहत.

कॅलेला पोहोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. बोटीच्या तिकिटासाठीची रांग शेडमधून बाहेर रस्त्यावर आलेली. समुद्रावरून येणारा गार वारा आणि सुधीरच्या अंगात नांगराचा शर्ट. खुर्चीवाल्या तरुणाने पुठ्ठा फाडला, आतली खुर्ची काढली आणि सुधीरसमोर ठेवली. “घ्या. प्रदर्शनात तीन हजार लोकांनी पाहिली, बसलं कुणीच नाही.” माझा श्वास अडकला. आता तो म्हणणार, नको, नको, कशाला.

सुधीर बसला. मग अंगावरच्या शालीसाठी त्याने माझ्याकडे हात केला. रांग पुढे सरकली की तो उठायचा, तरुण खुर्ची सरकवायचा, सुधीर परत बसायचा. सकाळी आठच्या बोटीपर्यंत हे चालले. डोव्हरचे पांढरे कडे दिसले तेव्हा बोटीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो. आमचे घर हीथ्रोच्या विमानांच्या वाटेखाली आहे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा आकाश गप्प होते, चिमण्या ऐकू येत होत्या. वरणभात खाल्ला. रात्री दहाच्या सुमारास अंथरुणावर पडतो न पडतो, तोच छतावरून पहिले विमान घरघरत गेले. आकाश त्याच रात्री उघडले होते. आम्ही दोघे अंधारात हसत राहिलो.

आता थोडे उपयोगाचे, कारण आपल्या मंडळातले बरेचजण गोळ्यांच्या वयाला पोहोचलो आहोत. इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटातल्या बॅगेत टाकू नये. बॅग हरवते म्हणून, आणि तिथल्या थंडीत ते गोठले तर निकामी होते म्हणूनही. सगळी पेने हातातल्या सामानात, आणि दोघे असाल तर निम्मी दुसऱ्याच्या पिशवीत. औषधांच्या यादीची चिठ्ठी बरोबर. तेव्हा आपल्याकडे युरोपीय आरोग्य कार्ड असे, २०२१ पासून त्याऐवजी नवे जागतिक आरोग्य कार्ड मिळते. ते फुकट असते, काढून ठेवावे. आणि विमान रद्द झाले, कारण काहीही असो, तर युरोपच्या २००४ च्या नियमाप्रमाणे राहण्याजेवणाची सोय कंपनीने करायची असते. ज्वालामुखीचे निमित्तही त्यातून सुटत नाही, हे युरोपच्या न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. मला त्यासाठी तीन वर्षे थांबावे लागले नाही. चार पत्रे, प्रत्येक पावतीची प्रत, तो झेरॉक्स कागद, आणि सात महिन्यांनी मेस्त्रेच्या खोलीचे पैसे आले. सुधीर म्हणत होता, की जाऊ दे. मी जाऊ दिले नाही.

बॅग एकविसाव्या दिवशी दारात आली. आंतरराष्ट्रीय करारानुसार एकवीस दिवस उलटले की बॅग हरवली असे धरता येते, तेवढा मान तिने राखला. तिला लटकलेले टॅग पाहता तिने आमच्यापेक्षा जास्त युरोप पाहिला होता. बाकरवडी शाबूत होती. इन्सुलिनचे पेन आम्ही टाकून दिले.

सुधीर बदलला, असे मी लिहिले तर हा अंक वाचून तोच हसेल. अजूनही तो शेजाऱ्याकडे शिडी मागत नाही. गेल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, तर दुरुस्तीवाल्याला रविवारी कशाला त्रास म्हणून आम्ही दोन स्वेटर घालून झोपलो. फक्त रात्री साडेनऊला तो निळा डबा जेवणाच्या टेबलावर आणतो, माझी भांडी चालू असतात, आणि सुई टोचण्याआधी तो आकडा मोठ्याने म्हणतो. हल्ली तो बत्तीस आहे. मी म्हणते, “बरं.”